‘पूरविमा का काढला नाही?’ : एका लोकप्रिय संशोधन-प्रश्नाची उलटतपासणी

पूर आणि विमा या विषयावर आपल्याकडे एका ठरावीक साच्याचा अभ्यास होतो. एक पूरग्रस्त तालुका निवडायचा, त्यातली आठ-दहा गावं घ्यायची, शंभर-दोनशे कुटुंबांकडून प्रश्नावली भरून घ्यायची. प्रश्नावलीत कुठेतरी मध्यावर प्रश्न येतो : ‘आपण पूरविमा काढला आहे का?’ बहुतेक जण ‘नाही’ म्हणतात. पुढचा प्रश्न : ‘नसल्यास का?’ पर्याय चार. माहिती नाही, हप्ता परवडत नाही, विश्वास नाही, गरज वाटत नाही. मग शिक्षणाशी संबंध, उत्पन्नाशी संबंध, काय-स्क्वेअर चाचणी, आणि शेवटी निष्कर्ष : पूरग्रस्तांमध्ये विम्याबाबत जागरूकता कमी आहे, शासनाने जनजागृती करावी.

ही टीका कुठल्या एका प्रबंधावर नाही. साच्यावर आहे. पेटची तयारी करणाऱ्या किंवा संशोधन आराखडा लिहायला बसलेल्या प्रत्येकाला हा साचा खुणावतो, कारण तो सोपा आहे, वेळेत पूर्ण होतो आणि तक्ते छान भरतात. माझा आक्षेप असा : हा प्रश्न ज्या व्यवस्थेत जन्मला ती व्यवस्था आपल्या तालुक्यात नाही. त्यामुळे उत्तरं खरी असली तरी निष्कर्ष खोटा निघतो. आणि त्या खोट्या निष्कर्षाची किंमत पूरग्रस्तच मोजतो, कारण भरपाई न मिळण्याचा दोष त्याच्या ‘अज्ञानावर’ जातो.

हे तपासायला कोल्हापूर जिल्ह्यातला शिरोळ तालुका घेऊ. पण आधी प्रश्न आला कुठून ते पाहू.

प्रश्नाचं मूळ गाव

पूर-अभ्यासात गिल्बर्ट व्हाइट हे नाव टाळता येत नाही. त्यांचा पीएच.डी.चा प्रबंध शिकागो विद्यापीठात १९४२ मध्ये सादर झाला आणि १९४५ मध्ये छापून आला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : पूर निसर्ग आणतो, पण नुकसान बरंचसं माणसाच्या वसाहतीच्या निर्णयांमुळे होतं. म्हणून फक्त बांध आणि धरणं पुरेशी नाहीत. जमिनीचा वापर, इशारा, बांधकामाची पद्धत, विमा अशा सगळ्या मार्गांचा एकत्र विचार करायला हवा. पुढे १९६६ मध्ये व्हाइट यांच्या अध्यक्षतेखालच्या गटाने अमेरिकी सरकारला अहवाल दिला. पूरविमा नीट राबवला नाही तर लोक उलट पूरक्षेत्रात जास्त वसतील, असा इशाराही त्यात होता. १९६८ मध्ये तिथे राष्ट्रीय पूरविमा कायदा झाला.

त्या व्यवस्थेची साखळी नीट समजून घ्या. सरकार पूरक्षेत्राचा नकाशा काढतं. दरवर्षी १ टक्का शक्यता असलेला पूर जिथवर पोचतो ती रेषा त्यावर असते. १९७३ नंतर त्या रेषेच्या आतल्या घरावर सरकारशी संलग्न गृहकर्ज घ्यायचं तर विमा सक्तीचा झाला. म्हणजे नकाशा, कर्ज आणि विमा या तीन कड्या एकमेकींत अडकवलेल्या आहेत. त्यामुळे तिथे ‘या काउंटीत किती घरांकडे विमा आहे?’ हा प्रश्न अर्थपूर्ण ठरतो. ‘नसल्यास का?’ हाही.

पण गंमत अशी की तिथल्या ग्रामीण काउंटीतसुद्धा ही साखळी तुटते. केंटकी राज्याच्या पूर्व भागात जुलै २०२२ मध्ये मोठा पूर आला, चाळीसहून अधिक माणसं गेली. लेचर काउंटीतल्या व्हाइट्सबर्गला नदीची नोंद २० फुटांच्या वर गेली. त्याआधीचा विक्रम १९५७ चा होता, १४.७ फुटांचा. पूरविमा मात्र फारच थोड्या घरांकडे होता. तिथली कितीतरी घरं वडिलोपार्जित, कर्ज फिटलेली किंवा चाकांवरची. गृहकर्जच नाही तर सक्ती कुठून येणार? म्हणजे कमी विमा हा ‘कमी जागरूकते’चा पुरावा होत नाही, साखळीतली कर्जाची कडी गळालेली असण्याचाही असू शकतो. जिथे प्रश्न जन्मला तिथेच तो इतक्या जपून विचारावा लागतो, तर आपल्याकडे किती?

शिरोळमध्ये कुठली रेषा?

आता शिरोळ. वर सांगलीजवळ हरिपूरला वारणा कृष्णेला मिळते. तिथून कृष्णा शिरोळ तालुक्यात येते. नरसोबाच्या वाडीला पंचगंगा तिला मिळते. पुढे सीमेलगत दूधगंगा. अर्जुनवाड, घालवाड, कुरुंदवाड, राजापूर, खिद्रापूर ही गावं या पाण्याच्या वाटेवर. जयसिंगपूर मात्र नदीपासून लांब, तुलनेने सुरक्षित. एकाच तालुक्यात दोन जगं आहेत, हे ध्यानात ठेवा. ‘तालुक्याची सरासरी’ काढताना हे उपयोगी पडेल.

महाराष्ट्रात नदीकाठी दोन रेषा आखतात. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, तिच्या आत बांधकामाला मनाई. लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, दोन रेषांच्या मध्ये निर्बंध. आराखडा लिहिताना विद्यार्थी पटकन म्हणतात, ‘निळी रेषा म्हणजे आपला पूर-जोखीम नकाशा.’ इथे थांबा. या रेषा बांधकाम परवानगीसाठी आहेत. विम्याचा हप्ता त्यांच्यावर ठरत नाही, आणि अमेरिकेसारखी पूरविम्याची कायदेशीर सक्ती त्यांच्याशी जोडलेली नाही. त्या गावठाणातल्या जुन्या घरांनाही लागू करायला गेलात तर अख्खं गावच रेषेच्या आत निघतं, कारण गाव रेषेपेक्षा शेकडो वर्षं जुनं आहे.

आणि ‘२५ वर्षांतून एकदा’ याचा अर्थ नीट लावा. दरवर्षी ४ टक्के शक्यता. ३० वर्षं त्याच घरात राहिलात तर असा पूर एकदा तरी अनुभवण्याची शक्यता ७१ टक्क्यांच्या आसपास येते. १०० वर्षांच्या पुरासाठी हाच आकडा २६ टक्के. तोंडी परीक्षेत हमखास अडकवणारा प्रश्न आहे, स्वतः करून पाहा : १ वजा ०.९६ चा ३० वा घात. लोकांना मात्र ‘२५ वर्षांतून एकदा’ ऐकलं की वाटतं, आत्ता येऊन गेला म्हणजे आता पंचवीस वर्षं निवांत. २०१९ नंतर दोनच वर्षांनी २०२१ आला.

इतिहास कुठल्या पट्टीवर मोजायचा?

साच्यातल्या अभ्यासात ‘पूर-इतिहास’ नावाचं एक प्रकरण असतं. त्यात २००५, २०१९, २०२१ अशी वर्षं आणि समोर फूट-इंच. हे आकडे बहुधा दोन ठिकाणचे असतात : कोल्हापूरजवळचा पंचगंगेवरचा राजाराम बंधारा आणि सांगलीचा कृष्णेवरचा आयर्विन पूल. कारण वर्तमानपत्रं हेच दोन आकडे छापतात. राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. आयर्विनची ४० आणि ४५.

आता हे दोन आकडे शेजारी ठेवा. २०१९ मध्ये राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलं आणि २०२१ मध्ये त्याहूनही वर, ५६ फुटांच्या आसपास. आयर्विनला उलट : २०१९ मध्ये ५७ फुटांच्या वर, २०२१ मध्ये साधारण ५५. मग मोठा पूर कुठला? कोल्हापूरकर २०२१ म्हणेल, सांगलीकर २०१९. आणि शिरोळ या दोघांच्या मध्ये, नव्हे, दोघांच्या खाली आहे. तिथे पंचगंगा आणि कृष्णा दोघींचं पाणी येतं. कृष्णा भरलेली असली की पंचगंगेच्या पाण्याला फुगवटा येतो. कोणती नदी आधी चढली, धरणांतून विसर्ग कधी झाला, खाली पाणी किती वेगाने पुढे सरकलं, यावर गावाचं नशीब ठरतं. संगमाच्या वरचं अर्जुनवाड आणि खालचं कुरुंदवाड यांचा पूर एकच धरता येत नाही. या दोन्ही ठिकाणी कृष्णेवर केंद्रीय जल आयोगाची नोंदकेंद्रं आहेत. तालुक्याचा इतिहास लिहायचा तर तिथून सुरुवात करायला हवी, पेपरातल्या चौकटीतून नाही.

दुसरी गोष्ट. उंची हा पुराचा एकच पैलू झाला. उसाचं उदाहरण घ्या. पाणी बुडख्यात दोन दिवस राहिलं तर ऊस तग धरतो. पण सुरळीत गढूळ पाणी शिरलं, वर दोन-चार दिवस थांबलं, की शेंडा कुजतो, पांगशा फुटतात आणि वजन जातं. म्हणजे नुकसान ठरतं ते उंची, दिवस आणि गाळ या तिघांवर. आयर्विनचा कमाल आकडा यातलं काहीच सांगत नाही.

लोकांकडे मात्र दुसरी पट्टी असते. वाडीला दत्तमंदिरात पाणी शिरून पादुकांवरून दक्षिणेच्या दाराने बाहेर पडलं की ‘दक्षिणद्वार सोहळा’ झाला असं म्हणतात. ही वर्षानुवर्षं त्याच जागी पाहिली गेलेली, बहुतेकदा बातमीत तारखेसह नोंदलेली पातळी आहे. घराच्या कितव्या पायरीला पाणी लागलं, हे लोक विसरत नाहीत. आपण याला ‘मौखिक माहिती’ म्हणून परिशिष्टात टाकतो. ती उलट मापनकेंद्राच्या नोंदीशी जुळवून पाहायला हवी. जुळली तर गावनिहाय इतिहास हाती येतो. नाही जुळली तर का नाही, हाच एक चांगला प्रश्न.

विमा : नेमका कशाचा?

आता मुख्य मुद्दा. ‘पूरविमा काढला आहे का?’ या प्रश्नातला ‘पूरविमा’ म्हणजे काय?

घराचं आधी. आपल्याकडे फक्त पुराचा वेगळा असा घरगुती विमा साधारणपणे विकला जात नाही. पूर हा गृहविम्यातल्या अनेक धोक्यांपैकी एक असतो. एप्रिल २०२१ पासून सर्व साधारण विमा कंपन्यांना ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी ठेवावी लागते, तिच्यात आग, भूकंप, वादळ यांच्यासोबत पूरही आहे. म्हणजे ज्याच्याकडे गृहविमा आहे तोही तुमच्या प्रश्नाला प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणू शकतो. गृहकर्जासोबत बँकेने विमा जोडला असेल तर घरमालकाला ते आठवणारही नाही. इथे उत्तर चुकीचं नाही, प्रश्नाची शब्दरचना चुकीची आहे. कागद दाखवा म्हणावं, मत विचारू नये.

मग पिकाचं. प्रधानमंत्री पीक विमा योजना २०१६ च्या खरिपापासून सुरू झाली. शिरोळचं मुख्य पीक ऊस. महाराष्ट्रात या योजनेच्या अधिसूचित पिकांत भात, सोयाबीन, भुईमूग वगैरे असतात, ऊस नसतो. इतकंच नाही. केंद्राच्या २०१८ च्या सुधारित मार्गदर्शक सूचनांत ‘शेत जलमय होणे’ या स्थानिक आपत्तीतून भात, ताग, मेस्ता आणि ऊस ही पिकं वगळली. कारण काय, तर ही पाणी सोसणारी पिकं. (भाताबाबतचा बदल २०२६ च्या खरिपापासून जाहीर झाला.) ज्याच्या सुरळीत पाणी जाऊन ऊस कुजला, त्याला हे ऐकवून पाहा.

म्हणजे शिरोळच्या ऊस उत्पादकाला ‘पीकविमा का काढला नाही?’ असं विचारणं म्हणजे ज्या स्टॉपवर बस थांबतच नाही तिथल्या माणसाला ‘तिकीट का काढलं नाही?’ विचारणं. चारही पर्याय चुकीचे आहेत. पाचवा पर्याय, ‘माझ्या पिकाला विमा उपलब्धच नाही’, प्रश्नावलीत नसतो. मग बिचारा ‘माहिती नाही’वर टिचकी मारतो आणि आपण तक्त्यात त्याला ‘अजागरूक’ म्हणून मोजतो.

ज्यांच्या पिकाला विमा आहे त्यांचं काय? सोयाबीन घ्या. योजनेतली मुख्य भरपाई क्षेत्राच्या सरासरीवर ठरते. महाराष्ट्रात ते क्षेत्र बहुधा महसूल मंडळ. पीक कापणी प्रयोगांतून मंडळाचं उत्पन्न काढतात, ते उंबरठा उत्पन्नापेक्षा कमी आलं तरच पैसे. दुष्काळात हे ठीक चालतं, कारण दुष्काळ सगळ्या मंडळावर सारखा पडतो. पूर तसा नसतो. तो नदीकाठच्या मळीच्या रानांचं वाटोळं करतो आणि दोन किलोमीटरवरच्या माळाला पाऊस मानवतो. सरासरी बरी येते, काठावरच्याला काही मिळत नाही. म्हणूनच ‘स्थानिक आपत्ती’ हे कलम महत्त्वाचं होतं : ७२ तासांत कळवा, तुमच्या शेताची वेगळी पाहणी होईल. (घराभोवती कमरेएवढं पाणी असताना ७२ तासांत मोबाइलवर फोटो कसा चढवायचा, हा वेगळा प्रश्न.) २०२५ च्या खरिपात राज्याने ही कलमं काढून भरपाई फक्त पीक कापणी प्रयोगांवर ठेवली. त्याच सप्टेंबरात मराठवाड्यात अतिवृष्टी आणि पूर आला. तेव्हा लोक अजागरूक नव्हते. कलम जागेवर नव्हतं.

‘हप्ता परवडत नाही’ या पर्यायाचीही परीक्षा राज्यात आपोआप होऊन गेली. २०२३ च्या खरिपापासून दोन वर्षं पीकविमा एक रुपयात होता. पहिल्याच खरिपात दीड कोटींहून अधिक अर्ज आले. ऊसवाला तरीही बाहेरच राहिला. शिवाय पुढे बोगस अर्जही सापडले. म्हणून ‘विमाधारकांची संख्या’ म्हणजे ‘संरक्षित माणसांची संख्या’ असं समीकरण मांडू नका. ती फक्त अर्जांची संख्या आहे. वाटेकरी आणि खंडाने करणारे या मोजणीत कुठे येतात तेही बघा. नोंदणीकृत करार नसेल तर पिकाचं नुकसान एकाचं आणि सातबारा दुसऱ्याचा.

मग लोक सावरतात कशावर?

हा प्रश्न साच्यात नसतोच. उत्तर आहे पंचनामा. तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक येतात, ३३ टक्क्यांहून जास्त नुकसान असेल तर आपत्ती निधीच्या निकषांनी मदत. २०२२ ते २०२६ च्या केंद्रीय निकषांत बागायतीला हेक्टरी १७,००० रुपये, बहुवार्षिक पिकांना २२,५००, तेही २ हेक्टरपर्यंत. दुभतं मोठं जनावर दगावलं तर ३७,५००, कमाल तीन जनावरं. राज्य कधी त्यात भर घालतं. २०१९ नंतर पूरबाधित पिकांवरचं एक हेक्टरपर्यंतचं पीककर्ज माफ करण्याचा निर्णय झाला होता. त्याच वर्षी धान्यवाटपाच्या आदेशात घर दोन दिवसांहून अधिक पाण्यात असण्याची अट होती, तिच्यावर सडकून टीका झाली.

हा विमा नव्हे. हप्ता नाही, करार नाही, हक्कही नाही. शासनाचा निर्णय आहे. पण लोकांनी आपला हिशेब याच्याभोवती मांडलेला असतो. विकास सोसायटीचं कर्ज उसाच्या बिलातून वळतं होतं. ऊस गेला की कर्ज थकतं, नवं मिळत नाही, मग सोनं गहाण पडतं किंवा पाहुण्यांकडून पैसे येतात. ही सगळी साखळी, सोसायटी, कारखाना, पंचनामा, सोनार, पाहुणे, हीच शिरोळची प्रत्यक्षातली जोखीम-वाटप व्यवस्था. विम्याचा अभ्यास करायचा तर विमा या साखळीत कुठे बसू शकतो, हे विचारावं लागेल.

साच्याची एक बाजू मान्य करायला हवी. हे अभ्यास निदान गावात जातात. कचेरीतल्या आकड्यांवर थांबत नाहीत. ‘विश्वास नाही’ या पर्यायावरच्या खुणांमध्ये खरी माहिती असते. कुणी कधी, कुठल्या पावतीवर, किती पैसे भरून काय मिळवलं हे खोदलं तर त्यातून चांगलं प्रकरण उभं राहील. आपण खुणा मोजून पुढे जातो, हा तोटा.

आराखडा लिहिताना

तर आराखड्यात प्रश्न कसा मांडाल? मी असा क्रम सुचवेन.

आधी पुरवठा तपासा, मग मागणी. तुमच्या गावातल्या प्रत्येक मुख्य पिकासाठी, घरासाठी, जनावरासाठी कुठली विमा योजना लागू आहे, कुठल्या वर्षी कुठलं कलम होतं, याचा वर्षवार तक्ता करा. तो शासन निर्णयांवरून होतो, त्याला प्रश्नावली लागत नाही. ज्या खान्यात ‘उपलब्ध नाही’ आलं तिथे जागरूकतेचा प्रश्न विचारायचा नाही.

मग एकक ठरवा. तालुका नको, मंडळही नको. नदीपासूनचं अंतर आणि उंची यांनुसार गट पाडा. एकाच गावातली मळीची रानं आणि माळ वेगळे घ्या.

तिसरं, ‘आहे/नाही’ऐवजी पैशाचा मागोवा घ्या. २०१९ च्या पुरानंतर बारा महिन्यांत घरात पैसा कुठून आला, कधी आला, किती फेडायचा राहिला. कागद असतील तर कागदावरून. आणि मुलाखतीच्या सुरुवातीलाच स्पष्ट सांगा की तुम्ही पंचनाम्याला आलेले नाही. हातात वही घेऊन नुकसान विचारणारा माणूस म्हणजे सरकारी, असाच समज असतो, आणि उत्तरं त्या अपेक्षेने येतात. हा फक्त नैतिकतेचा मुद्दा नाही, माहितीच्या दर्जाचाही आहे.

शेवटचं, शिफारशींबद्दल. ‘जनजागृती करावी’ ही शिफारस लिहायला हात शिवशिवेल. लिहिण्याआधी एकच कसोटी लावा : समजा उद्या गावातल्या प्रत्येकाला सगळे नियम तोंडपाठ झाले. पुढच्या पुरात त्याला किती रुपये जास्त मिळतील? शिरोळच्या नदीकाठच्या ऊसवाल्यासाठी पीकविम्यापुरतं या प्रश्नाचं उत्तर शून्य आहे. ज्या शिफारशीचं उत्तर शून्य येतं, ती प्रबंधात ठेवू नये.